पिठ्या ढेकणाला नाव कशाला हवं?



पिठ्या ढेकणावरचा कार्यक्रम रेडिओवर झाला की आमच्याकडे विचारणा सुरू होते. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "साहेब, कोणतं औषध मारू?" आम्ही उलट विचारतो, "ढेकूण कोणता आहे?" त्यावर उत्तर येतं, "पांढरा."

आता पांढरे तर ते बहुतेक सगळेच असतात. पण पांढरा दिसणारा प्रत्येक ढेकूण एकच नव्हे. आणि कोणता कोणता हे खात्रीनं सांगणारी माणसं जगात फार थोडी आहेत. ही माणसं कोण, ती कशी तयार होतात आणि तुमच्या-माझ्या शेताशी त्यांचा काय संबंध, हे या पत्रकात सांगणार आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका गावाहून पपईच्या बागेसाठी बोलावणं आलं. बाग एका वयस्कर आबांची. शेंड्याकडची पानं आक्रसलेली, खोडावर आणि फळांवर पांढरा कापूस, खाली चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. आबा म्हणाले, "साहेब, मागं कपाशीवर आला होता, तोच हा." मीही मान डोलावली. कपाशीच्या ढेकणाला जे सांगत होतो तेच सांगून मोकळा झालो. आबांनी उसनवारी करून तीन फवारे मारले. पंधरा दिवसांनी बाग पुन्हा पांढरीफेक.

मग मी नमुना पाठवला, तोही काडेपेटीत भरून. उत्तर आलं, "नमुना चिरडला आहे. ओळख पटत नाही." दुसऱ्यांदा नीट पाठवला तेव्हा कळलं, की हा कपाशीचा ढेकूण नव्हेच. हा पपईचा ढेकूण, वेगळ्या जातीचा, आणि त्याचा मित्रकीटकही वेगळा. तोवर आबांनी अर्धी बाग उपटून बांधावर टाकली होती. ते मला एवढंच म्हणाले, "ढेकणालाबी नाव असतंय, हे आधी सांगायचं की हो साहेब." चूक माझी होती. बी.एस्सी. ॲग्रीला आम्हाला कीटकशास्त्र होतं, पण खवले किडींचा धडा दोन तासांत संपला होता.

ही कीड आहे तरी कोण?

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड ही एकाच मोठ्या कुळातली. मावा आणि पांढरी माशी हे त्यांचे जवळचे नातेवाईक. सोंड खुपसून झाडाचा रस शोषायचा, हा सगळ्यांचा धंदा. या कुळात आजवर आठ हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे. अंगावर पिठासारखं मेण असणारे ते पिठ्या ढेकूण. पाठीवर सुटं कवच घेऊन चिकटून बसणाऱ्या त्या कवचाच्या खवले किडी. शिवाय मऊ खवले किडी निराळ्या. आणि सगळ्याच काही वैरी नाहीत. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर लाख पिकते, ती लाख देणारी कीडही याच कुळातली.

या कुळाची एक गंमत आहे. मादीला आयुष्यभर पंख फुटत नाहीत. पिल्लू असताना जशी दिसते जवळजवळ तशीच ती मोठी होते, एका जागी बसते आणि रस पीत राहते. नर मात्र चिलटाएवढा, बहुधा पंखवाला, पण त्याला तोंडच नसतं. काही खात नाही, चार दिवस जगतो आणि मरतो. दोघांना शेजारी ठेवलं तर ही एकाच जातीची जोडी आहे हे सांगूनही पटायचं नाही.

हे असं एका दिवसात झालं नाही. बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या राळेत अडकलेले या कुळातले नर लेबनॉन देशात सापडले आहेत. म्हणजे माणूस शेती करायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून ही कीड आहे. बसून खाण्याच्या सवयीनं मादीचे पंख गेले, काहींचे पायही गेले आणि अंगावर मेणाची चादर आली. म्हणूनच आपला फवारा तिच्या अंगाला लागत नाही. मेणाखालची मादी आणि अंड्यांची पिशवी सुरक्षित राहते, फक्त नुकती निघालेली रांगती पिल्लं मरतात. फवाऱ्याचा पैसा वाया जातो तो इथं.

नुसत्या डोळ्यांनी ओळख का पटत नाही?

फुलपाखराचं पंखावरून ओळखता येतं, भुंग्याचं पाठीवरून. पण या मादीच्या अंगावर बाहेरून बघण्यासारख्या खुणा थोड्याच उरल्या आहेत. वरचं मेण तर पावसानं, उन्हानं बदलतं. खऱ्या खुणा तिच्या कातडीत असतात, आणि त्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

त्यासाठी मादीला आधी पोटॅशच्या तीव्र द्रावणात गरम करतात. आतलं सगळं विरघळून जातं आणि नुसती कातडी उरते. ती धुऊन लाल रंगात रंगवतात, काचपट्टीवर पसरतात आणि कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकात कायमची बसवतात. अशी एक काचपट्टी नीट व्हायला दिवसचे दिवस लागतात. मग मोजणी सुरू होते. मिशांचे सांधे किती? मेण सोडणारी छिद्रं तीन भोकांची की पाच भोकांची? नळ्या पाठीवर सगळीकडे की फक्त कडेनं? पपईच्या ढेकणाच्या पाठीवरच्या खास नळ्या फक्त काठाकाठानं असतात. त्याचं शास्त्रीय नाव पॅराकोकस मार्जिनेटस. मार्जिन म्हणजे काठ.

या खुणांवरून जशी जात कळते, तशी भावकीही कळते. या कुळातल्या जुन्या घराण्यांच्या पोटावर श्वास घ्यायची छिद्रं अजून शाबूत आहेत, पुढच्या घराण्यांत ती नाहीशी झाली. पिठ्या ढेकूण हा पुढच्या घराण्यातला. २००८ साली शरीराच्या खुणा आणि डीएनए दोन्ही तपासून पिठ्या ढेकणांच्या दोन मोठ्या शाखा मांडल्या गेल्या. कपाशीवरचा ढेकूण एका शाखेत, तर पपईवरचा आणि द्राक्षावरचा गुलाबी ढेकूण दुसऱ्या शाखेत. म्हणजे आबांच्या बागेत मी ज्याला कपाशीचा म्हणालो, तो त्याचा सख्खा सोडा, चुलत भाऊही नव्हता.

भावकी कळून काय फायदा? किडीचा मूळ मुलूख कळतो. तिथं तिला खाऊन आटोक्यात ठेवणारे मित्रकीटक असतात. शिवाय पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या बहुधा एखाद-दुसऱ्याच जातीवर जगतात. कपाशीच्या ढेकणावरची गांधीलमाशी पपईच्या ढेकणावर सोडून उपयोग नाही. सातबाऱ्यावर गट नंबर चुकला की नांगर दुसऱ्याच्या वावरात जातो, तसंच हे.

नाव चुकलं की काय होतं?

फड्या निवडुंगाच्या गोष्टी तुम्ही जुन्या माणसांकडून ऐकल्या असतील. एके काळी या निवडुंगानं रानंच्या रानं अडवली होती. निवडुंगावर जगणारी आणि लाल रंग देणारी एक खवले कीड असते, कोचिनीयल. १७९५ साली रंगाच्या व्यापारासाठी ती ब्राझीलमधून बंगालमध्ये आणली गेली. आणणाऱ्यांना वाटलं हीच रंगाची अस्सल कीड. निघाली दुसरीच जात. रंग काही धड मिळाला नाही, पण एका जातीचा निवडुंग मात्र तिनं खाऊन संपवला. फड्या निवडुंगाला तिनं तोंडही लावलं नाही. तो संपवायला त्याच कुळातली वेगळी जात लागली. ती १९२६ साली सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, आपल्या देशात आणली आणि निवडुंग हटला. दोन्ही किडी दिसायला सारख्याच पांढऱ्या, कापूस ल्यालेल्या. पण काम वेगळं.

दुसरी गोष्ट साबुदाण्याची. आपला एकादशीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या टॅपिओकावर, म्हणजे कसाव्यावर, १९७३ साली आफ्रिकेत काँगोच्या भागात एक पिठ्या ढेकूण दिसला. तिथं कसावा हे कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न. पीक बसायला लागलं. हा ढेकूण कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९७७ साली पॅरिसच्या तज्ज्ञ दानिएल मातील-फेरेरो यांनी ही नवी जात म्हणून नोंदवली आणि तिला फेनाकोकस मॅनिहोटी हे नाव दिलं.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, म्हणून मित्रकीटक शोधायला लोक तिकडे गेले. उत्तरेकडच्या देशांत कसाव्यावर तसाच ढेकूण सापडला. सगळ्यांना आनंद झाला. पण तिथले मित्रकीटक आफ्रिकेतल्या ढेकणावर चालेनात. मग जाणकारांनी दोन्हींच्या काचपट्ट्या शेजारी ठेवून पाहिलं आणि १९८१ साली सांगितलं, की ही वेगळी जात आहे. एक फरक तर मोठाच होता. आफ्रिकेतल्या ढेकणात नर नसतात, माद्याच माद्यांना जन्म देतात. या दुसऱ्या जातीत नर असतात. शोध दक्षिणेकडे वळला, आणि त्याच वर्षी पॅराग्वेमध्ये खरा ढेकूण सापडला. त्याच्यावरची बारीक गांधीलमाशी, ॲनागायरस लोपेझी, नायजेरियात सोडली. पुढे ती वीसहून अधिक आफ्रिकी देशांत पसरली आणि पीक सावरलं. या कामाचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट परदेशातली म्हणून सोडून देऊ नका. हाच ढेकूण २०२० साली केरळात त्रिशूरजवळ सापडला. पण या वेळी अंधारात चाचपडावं लागलं नाही. नाव ठाऊक, वैरी ठाऊक. आफ्रिकेतल्या बेनिन देशातून तीच गांधीलमाशी आणली आणि २०२२ मध्ये तामिळनाडूत शेतात सोडली.

नाव वेळेवर निघालं की

पपईचा ढेकूण १९९२ साली दोन जाणकारांनी नोंदवला. तेव्हा तो मेक्सिकोत होता आणि त्याचा कुणाला फारसा त्रास नव्हता. कुणी म्हणालं असतं, असल्या निरुपयोगी किड्याचं नाव ठेवून काय मिळणार? पण २००८ साली तो कोइमतूरला उतरला आणि पपई, तुती, टॅपिओका, सगळ्यांवर तुटून पडला. रेशीमवाल्यांचीही झोप उडाली. ओळख पटवायला जुनी नोंद तयार होती. नावामागून मूळ मुलूख कळला. त्याच्यावरचे मित्रकीटक अमेरिकेच्या कृषी खात्यानं आधीच शोधून पोर्टो रिको बेटावर वाढवले होते. २०१० साली तीन जातींच्या गांधीलमाश्या बंगळूरुला आल्या, तिथं वाढवून शेतकऱ्यांना दिल्या. त्यांतल्या ॲसेरोफॅगस पपाये या जातीनं विशेष काम केलं, आणि फवाऱ्यांनी जे झालं नाही ते झालं.

म्हणजे सोळा वर्षांपूर्वी कुणीतरी काचपट्टीपुढे बसून छिद्रं मोजली होती, ती कोइमतूरच्या शेतकऱ्याच्या कामी आली.

ओळखणारा माणूस कसा तयार होतो?

पैलवान पुस्तक वाचून होत नाही, तालमीत होतो. तसंच हे आहे. बी.एस्सी. ॲग्रीची चार वर्षं, मग कीटकशास्त्रात एम.एस्सी.ची दोन, पुढे पीएच.डी. एवढं झालं की खरं शिक्षण सुरू होतं. जुन्या जाणत्याच्या शेजारी बसून शेकडो काचपट्ट्या करायच्या. पहिल्या कित्येक फाटतात, मिशा तुटतात, बुडबुडे राहतात. मग चित्र काढायला शिकायचं. या किडीचं चित्र काढायची रीत वेगळीच आहे. मध्ये उभी रेघ, डाव्या अर्ध्यात पाठ आणि उजव्या अर्ध्यात पोट. एकेक छिद्र जागच्या जागी. पुढे शंभर वर्षांपूर्वीचे ग्रंथ वाचायचे, संग्रहालयात जपलेले मूळ नमुने पाहायचे, डीएनए तपासायला शिकायचं. आणि शेतात हिंडायचं, कारण कीड झाडावर कशी बसते हे काचपट्टी सांगत नाही.

यात मोठ्या घरचेच लोक होते असं नाही. अर्नेस्ट ग्रीन हे सिलोनमधले चहामळेवाले. मळ्यातल्या किडी बघता बघता ते जाणकार झाले, पुढे तिथले सरकारी कीटकशास्त्रज्ञ झाले. १८९६ ते १९२२ या काळात त्यांनी सिलोनच्या खवले किडींवर पाच भागांचा ग्रंथ काढला. आपल्या द्राक्षावरच्या गुलाबी ढेकणाला १९०८ साली शास्त्रीय नाव दिलं ते त्यांनीच. हाच ढेकूण १९९४ साली वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचला, तेव्हा तिथल्या लोकांना ग्रीन यांची नोंद उपयोगी पडली.

अडचण अशी आहे की हे काम सावकाश चालतं, त्यात नाव नाही आणि पैसाही बेताचा. जुने जाणते निवृत्त होतात, मागं कुणी नसतं. अमेरिकेत १९९० च्या दशकात हे ध्यानात आलं आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं खास योजना काढली. जुन्या जाणकारांच्या हाताखाली नवी मुलं बसवायची, कामाचा खर्च सरकारनं द्यायचा. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात खवले किडींसाठी अशी तालीम चालली. पिठ्या ढेकणांच्या दोन शाखा मांडणारा २००८ सालचा अभ्यास तिथल्याच मंडळींच्या कामातून आला.

आपल्याकडे बंगळूरुची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही संस्था आणि दिल्लीच्या पुसा संस्थेतला राष्ट्रीय कीटक संग्रह इथं हे काम होतं. आपल्या राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्राचे विभाग आहेत. तुमच्या घरचं एखादं मूल शेतीचं शिक्षण घेत असेल, त्याची नजर बारीक असेल आणि बैठक असेल, तर त्याला ही वाट जरूर सांगा. अशा मुलाला नेहमीची कीड लहानपणापासून पाहून ठाऊक असते. शहरातल्या मुलाला ती दाखवावी लागते.

तुम्ही काय करायचं?

जाणकार कितीही चांगला असला तरी नमुना खराब असेल तर तो काही करू शकत नाही. तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

१. पिकावर अनोळखी पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली, तर फवारणीच्या आधी नमुना घ्या.

२. लहान-मोठे मिळून पंधरा-वीस ढेकूण घ्या. मोठ्या माद्या त्यात असल्याच पाहिजेत. हातानं ओढू नका, सोंड तुटते. मऊ कुंचल्यानं सोडवा किंवा डहाळीचा तुकडाच कापा.

३. औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत भरून त्यात नमुना टाका. काडेपेटी, चिंधी, कापूस नको.

४. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीतच टाका. शाई स्पिरिटात विरघळते. गाव, तालुका, पीक, तारीख आणि झाडाचा कोणता भाग, हे लिहा. आधी काय मारलं तेही कळवा.

५. जिवंत कीड दुसऱ्या गावी नेऊ नका. लागण झालेली रोपं तर मुळीच नेऊ नका.

६. काही ढेकूण पानासकट काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला फडकं बांधा आणि सावलीत ठेवा. आठ-पंधरा दिवसांत बारीक गांधीलमाश्या निघाल्या, तर मित्रकीटक तुमच्या शेतात आहेत. झाडावर टणक, तपकिरी, भोक पडलेले ढेकूण दिसले तरी तीच खूण. अशा वेळी जहाल औषध मारू नका.

७. सगळ्यात पांढरा, लांब मेणाचे झुपके असलेला आणि भराभर चालणारा 'ढेकूण' दिसला तर थांबा. ती बहुधा क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी असते. तो ढेकूण खाणारा मित्र आहे. तो १८९८ साली आपल्या देशात आणला गेला. पुष्कळ जण त्यालाच वैरी समजून मारतात.

८. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा. गोड चिकट्यासाठी मुंग्या ढेकणांची राखण करतात आणि मित्रकीटकांना हाकलतात.

नमुना आमच्याकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आणून द्या. आम्हाला ओळख पटली नाही तर तसं स्पष्ट सांगू आणि नमुना पुढे पाठवू. आबांच्या बागेनंतर मी अंदाजानं नाव सांगणं सोडलं आहे. पुढच्या हंगामात आबांनी नवी पपई लावली. आता पानावर पांढरा ठिपका दिसला की ते फवारणीचा पंप काढत नाहीत. आधी स्पिरिटची बाटली काढतात.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी